चाकांवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्यांत एक म्हण आहे. ज्याचा ठावठिकाणा एका जागीं नाहीं, अशा माणसाविषयीं ती थोड्या तुच्छतेनेंच वापरण्यांत येते. परंतु ऑस्ट्रेलियांत मीं असें पाहिलें कीं, चांगलीं सुखवस्तु, स्वतःचीं घरें असलेलीं माणसें सुटी लागतांच मोठ्या हौसेनें आपलें बिऱ्हाड बरोबर घेऊन निघतात. फरक इतकाच कीं, तें बिऱ्हाड पाठीवर नसून चाकांवर असतें. मोटारीच्या मागें जोडलेली एक दुचाकी गाडी. तिच्यांत घडी घालून ठेवलेला कापडी तंबू, बिछाना, शेगडी, पाण्याची टांकी आणि दिवे. मुक्कामाच्या जागीं पोंचल्यावर थोड्याच वेळांत तंबू उभा राहतो, मागचा खण ओढला कीं स्वयंपाकघर बाहेर येतें, आणि संसार सुरू होतो. या गाडीला तेथें कॅम्पर ट्रेलर असें म्हणतात.

केवळ सहलीसाठीं चाकांवरचें घर बांधण्याची कल्पना तशी जुनी आहे. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश आरमारांतील माजी वैद्यानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथें ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांनीं ओढावयाची एक घरगाडी बांधवून घेतली व तिच्यांतून देशभर प्रवास केला. पुढें १९०७ सालीं इंग्लंडांत अशा हौशी लोकांचा कॅराव्हान क्लब निघाला. ऑस्ट्रेलियासारख्या खंडप्राय देशांत, जेथें अंतरें शेंकडों किलोमीटरांचीं आणि आडमार्गाचे रस्ते खडीचे व मातीचे, तेथें भक्कम भिंतींच्या जड कॅराव्हानपेक्षां कापडी छपराचा हलका कॅम्पर ट्रेलर पुष्कळ कुटुंबांना सोयीचा वाटतो.

आमचे चिरंजीव मेलबर्नला सहकुटुंब राहतात. आपल्या वाचकांपैकींहि कितीएक घरांतून मुलगा, मुलगी किंवा पुतण्या तिकडे आहे, आणि वडील माणसें सहा-सहा महिने तेथें जाऊन राहतात. त्यांच्या दारांत असा ट्रेलर उभा असण्याचा संभव आहे. म्हणून त्याची निगा कशी राखावी व त्यांत घरच्या घरीं कोणत्या सुधारणा करतां येतात, हें लिहावें असें मनांत आलें. लिहिण्यास एक प्रसंगहि कारण झाला. तो आधीं सांगतों.

बॅलरॅटचा थांबा

ट्रेलर २०२३ च्या जानेवारींत एका गृहस्थाकडून वापरलेला विकत घेतलेला होता. मी फेब्रुवारींत तेथें गेलों, तेव्हां चिरंजिवांचा प्रत्येक शनिवार-रविवार त्याच्यापाशींच जात असे. नवे दिवे बसविले, फ्रिज आणला, उन्हावर वीज करणारें सोलर पॅनेल घेतलें, बाजूला ओढण्याचें छत लावलें. शेजारीपाजारी कौतुक करीत, मीहि केलें. चाकांकडे मात्र कोणींच पाहिलें नाहीं. तीं गोल होतीं व फिरत होतीं, एवढ्यावर आम्हां सर्वांचें समाधान होतें.

ईस्टरच्या सुटींत ग्रॅम्पियन्स पर्वतांत चार दिवस जाण्याचें ठरलें. मेलबर्नपासून हें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर. वाटेंत सुमारें ११५ किलोमीटरवर बॅलरॅट शहर लागतें, तेथें चहासाठीं थांबलों. पाय मोकळे करावे म्हणून मी उतरलों, आणि बाळपणच्या संवयीनें ट्रेलरच्या चाकाच्या मध्यावर हात ठेवून पाहिला.

ही संवय आमच्या गांवच्या गाडीवानाची. बैलगाडी मुक्कामाला थांबली कीं तो आधीं बैल सोडी आणि मग दोन्ही चाकांच्या तुंब्यांना तळहात लावून पाही. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गोल ठोकळा, ज्यांत आरे बसवितात व ज्यांतून आंस जातो. तुंबा तापलेला आढळला तर गाडीखालीं टांगलेलें वंगणाचें नळकांडें काढल्यावांचून तो भाकरीला हात लावीत नसे.

ट्रेलरचा डावा तुंबा कोमट होता. उजव्यावर हात टेंकवेना.

“अण्णा, ब्रेकमुळें तापला असेल,” चिरंजीव म्हणाले.

“ब्रेक दोन्हींकडे आहेत, मग एकच कां तापावा?” मीं विचारलें.

रस्त्यावर अडलेल्या गाड्यांच्या मदतीस येणारा कारागीर बोलाविला. त्यानें ती बाजू उचलून चाक वर-खालीं धरून हालविलें, तों तें खटखटलें. उघडून पाहतो तर आंतलें ग्रीस दुधासारखें पांढुरकें झालेलें, आणि बेअरिंगचे पोलादी रूळ तापून निळसर पडलेले. “आंत केव्हां तरी पाणी गेलें आहे, आणि कित्येक वर्षांत हें कोणीं उघडलेलें नाहीं,” तो म्हणाला. “आणखी पन्नास किलोमीटर चाललें असतें, किंवा पांचहि नाहीं.” हमरस्त्यावर ताशीं नव्वद किलोमीटरच्या वेगांत तें चाक निखळलें असतें, तर मागच्या बांकावर माझा आठ वर्षांचा नातू व पांच वर्षांची नात बसलेलीं होतीं, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांतहि कोणाचीं तरी मुलें असतीलच.

ट्रेलर तेथेंच दुरुस्तीला ठेवून आम्ही परत फिरलों. वाटेंत कोणी फारसें बोललें नाहीं. रात्रीं मुलें निजल्यावर चिरंजीव माझ्या खोलींत आले आणि म्हणाले, “अण्णा, दिवे मीं चार वेळां तपासले. चाक एकदांहि नाहीं.” मी त्यांना काय बोलणार? दोन महिने मी त्याच ट्रेलरभोंवतीं चहाचा पेला घेऊन फिरत होतों, आणि मींहि विचारलें नव्हतें.

संस्कृतांतील ‘सुख’ शब्दाविषयीं मोनियर-विल्यम्स यांच्या कोशांत एक मनोरंजक माहिती आहे. ‘सु’ म्हणजे चांगलें आणि ‘ख’ म्हणजे चाकाचें आंस जाण्याचें भोंक, असा तो शब्द मुळांत झाला असें म्हणतात, आणि ऋग्वेदांत तो सहज चालणाऱ्या रथाचें विशेषण म्हणून येतो. यास्काची व्युत्पत्ति निराळी आहे. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. तथापि तीस-पस्तीस वर्षें हा शब्द मीं मुलांना शिकविला आणि त्याचा अर्थ मला बॅलरॅटला तळहातावर कळला. दिवे, छत व फ्रिज या सर्व सुखाच्या वस्तु खऱ्या. पण त्यांचें सुख चाकाच्या त्या भोंकावर स्वार झालेलें असतें. म्हणून निगा आधीं, सुधारणा मागाहून, असा क्रम आम्हीं त्या दिवसापासून ठेवला. याहि लेखांत तोच ठेवतों.

चाक आणि आंस

ट्रेलरच्या प्रत्येक तुंब्यांत दोन बेअरिंगें असतात. आंतल्या बाजूचें मोठें व बाहेरचें लहान. त्यांत निमुळते पोलादी रूळ बसविलेले असून ते ग्रीसमध्यें फिरतात. मागें रबराची एक कडी असते, ती धूळ व पाणी आंत जाऊं देत नाहीं. ही बेअरिंगें वर्षांतून एकदां किंवा दहा हजार किलोमीटर झाल्यावर, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां, उघडून साफ करावीं. तुंबा बुडेल इतक्या खोल ओढ्यांतून गाडी नेली असेल, तर परत येतांच तें काम करावें. कारण प्रवासानें ऊन झालेला तुंबा थंड पाण्यांत शिरला कीं आंतली हवा आकुंचन पावते व पाणी आंत ओढलें जातें. आमच्या ट्रेलरला पूर्वीं हेंच झालें असावें.

सपाट व टणक जागीं ट्रेलर उभा करावा. दुसऱ्या चाकाला पुढून व मागून ठोकळे लावावे. या चाकाचे नट किंचित् सैल करावे, मग जॅकनें बाजू उचलावी आणि सांगाड्याखालीं भक्कम लोखंडी टेंकू द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात किंवा डोकें घालूं नये. प्रथम चाक वर-खालीं धरून हालवावें. खटखट झाली तर आंत कांहींतरी सैल किंवा झिजलेलें आहे. मग हातानें फिरवून कान द्यावा. रिकामें जातें फिरवितांना येतो तसा घरघर आवाज आला, तर बेअरिंग बिघडलें असें समजावें.

चाक काढल्यावर तुंब्यावरची लहान टोपी हलक्या हातानें ठोकून काढावी. आंत आंसाच्या टोकाला खांचांचा नट असतो, आणि तो फिरूं नये म्हणून त्यांतून दोन पायांची खीळ घातलेली असते. या खिळीला संस्कृतांत ‘आणि’ असा शब्द असून तो ऋग्वेदाइतका जुना आहे. मराठींतल्या ‘आणि’ या अव्ययाशीं त्याचें नातें नाहीं; परंतु दोघांचेंहि काम जोडून ठेवण्याचेंच. खीळ व नट काढले कीं तुंबा पुढें ओढून घेतां येतो. बेअरिंगें रॉकेलनें धुवून कोरडीं करावीं व उजेडांत नीट न्याहाळावीं. रूळांवर निळसर झांक, खांचे किंवा गंज दिसला, तर त्यांच्यावर लोभ धरूं नये. बेअरिंग बदलतांना तें ज्या पोलादी कडींत फिरतें ती कडीहि बदलावी. जुन्या कडींत नवें बेअरिंग टिकत नाहीं.

ग्रीस भरण्याची रीत आमच्या नातवाला फार आवडली. तळहातावर लिंबाएवढें ग्रीस घ्यावें, दुसऱ्या हातांत बेअरिंग धरून त्याची कड ग्रीसवर दाबून दाबून ओढावी, आणि रूळांच्या फटींतून तें पलीकडे बाहेर येईपर्यंत सर्व बाजूंनीं फिरवीत राहावें. ग्रीस चाकाच्या बेअरिंगांसाठीं केलेलें, उष्णता सोसणारेंच घ्यावें. जुन्यांत नवें मिसळूं नये. ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीसचा हात लागूं देऊं नये. रबराची कडी दर वेळीं नवी बसवावी.

नट बसविण्यांत मात्र खरें कौशल्य आहे. चाक फिरवीत फिरवीत तो आवळावा, म्हणजे बेअरिंग आपल्या जागीं नीट बसतें. मग तो सैल करावा, आणि पुन्हां नुसत्या बोटांनीं जेवढा आवळतां येईल तेवढाच आवळावा. खिळीचें भोंक जुळलें नाहीं तर नट किंचित् मागें घ्यावा, पुढें नेऊं नये. फार आवळलेलें बेअरिंग तापतें, फार सैल सोडलेलें खिळखिळें होतें. मुलांना वळण लावतांनाहि आम्हां शिक्षकांना हाच प्रश्न पडत असे. काढलेली खीळ पुन्हां वापरूं नये. ती कवडीमोलाची वस्तु, परंतु सर्व चाक तिच्या भरंवशावर असतें. नंतरच्या प्रवासांत पन्नासएक किलोमीटर झाल्यावर थांबून चाकाचे नट पुन्हां एकदां आवळून पाहावे.

टायरविषयीं दोनच गोष्टी सांगतों. हवेचा दाब टायर थंड असतांना, निघण्यापूर्वीं मोजावा. आणि केवळ नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला समजूं नये. ट्रेलर वर्षांतले बरेच महिने नुसता उभा असतो, तेव्हां त्याचें रबर झिजण्यापूर्वींच म्हातारें होतें. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३१९ असे असले तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. सहा-सात वर्षें उलटलेल्या, किंवा बाजूला बारीक चिरा दिसणाऱ्या टायरवर मुलाबाळांचा भार टाकूं नये. त्याच वेळीं पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा व त्यांना आंसाशीं बांधणारे वांकडे बोल्ट टॉर्च घेऊन पाहावे. एखाद्या पट्टीवर केसाएवढी चीर असली, तरी खडीच्या रस्त्यावर ती तुटावयास वेळ लागत नाहीं.

जोड, ब्रेक आणि दिवे

मोटारीच्या मागें जो पोलादी गोळा असतो, तो ऑस्ट्रेलियांत बहुधा ५० मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यावर ट्रेलरच्या दांडीचें तोंड बसतें. तें बसल्यावर दांडी वर उचलून पाहण्याचा प्रघात ठेवावा. ती सुटून वर येतां कामा नये. याशिवाय सुरक्षेची सांखळी लावावी. ती जमिनीला घासेल इतकी लांब नसावी, आणि वळणावर ताणेल इतकी आंखूडहि नसावी.

ब्रेकांसंबंधीं तेथील नियम वजनावर ठरविलेले आहेत. चाकांवरील भार ७५० किलोग्रॅमपर्यंत असेल तर ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे नाहींत. त्यापुढें २००० किलोग्रॅमपर्यंत निदान एका आंसाच्या दोन्ही चाकांना ते हवेत. त्याहून अधिक भार असल्यास सर्व चाकांना ब्रेक, आणि ट्रेलर सुटून गेल्यास ते आपोआप लागतील अशी योजना असावी लागते. ब्रेकांची दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवावी. दिव्यांची तपासणी मात्र घरचें लहान मूलहि करूं शकतें. चिरंजीव मोटारींत बसतात, नात ट्रेलरच्या मागें सुरक्षित अंतरावर आजीचा हात धरून उभी राहते आणि “डावा! उजवा! थांबण्याचा लाल!” असें मोठ्यानें ओरडते. तिनें मान डोलाविल्याखेरीज गाडी हालत नाहीं.

कापड

तंबूच्या कापडाचा विषय आमच्या घरीं सूनबाईंकडे आहे, आणि तो योग्य हातीं आहे असेंच म्हटलें पाहिजे. ओला हात लागलेल्या लोणच्याला बुरशी कशी येते हें ज्या घरांत ठाऊक आहे, तेथें ओल्या तंबूची घडी घालूं नये हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. पावसांत मुक्काम हलवावा लागला तर नाइलाज. परंतु घरीं येतांच तंबू उघडून वाळवण घालतों तसा उन्हावाऱ्यांत पसरावा. शिवणी व कोपरे कापडाच्या मागून वाळतात, म्हणून त्यांना हात लावून पाहिल्यावांचून घडी करूं नये.

सुती कापडाचा तंबू नवा असेल, तर पहिल्या सहलीपूर्वीं तो अंगणांत उभा करून पाण्यानें चिंब भिजवावा व पूर्ण वाळूं द्यावा. असें दोन-तीन वेळां केलें म्हणजे धागे फुगून शिवणींतलीं सुईचीं भोंकें बुजतात. एवढें करूनहि एखादी शिवण गळत असल्यास तिच्यावर मेण चोळावें. तंबू साबणानें धुऊं नये. पाणी अडविणारा कापडावरील लेप त्यानें जातो. वाळलेला चिखल मऊ ब्रशानें झाडावा व साध्या थंड पाण्यानें पुसून घ्यावा. झिपांच्या दांत्यांतली धूळ जुन्या दांतघासणीनें काढून त्यांवर मेणबत्ती फिरवावी, म्हणजे त्या अडत नाहींत. अडलेली झिप ओढून ताणून तुटते, आणि ती तुटते नेमकी पावसाच्या रात्रीं.

वीज आणि अग्नि

येथून सुधारणांचा प्रांत सुरू होतो, आणि येथें हिशोब करूनच पाऊल टाकावें. ट्रेलरमध्यें बहुधा १२ व्होल्टची बॅटरी असते. ती शंभर अँपिअर-तासांची व शिशाची असली, तर तिच्यांतली निम्मीच वीज वापरावी. वारंवार तळ गाठल्यास तिचें आयुष्य घटतें. म्हणजे हातीं आल्या पन्नास. चाळीस लिटरचा फ्रिज हवामानाप्रमाणें दिवसाला सुमारें तीस ते चाळीस खातो. दहा वॅटचा दिवा चार तास जळला तर सुमारें साडेतीन लागतात. म्हणजे उन्हाची भर नसेल तर सव्वा दिवसांत शिल्लक संपली. एकशेंवीस वॅटचें पॅनेल स्वच्छ उन्हाच्या पांच तासांत सुमारें तीस अँपिअर-तास भरून देतें. लिथियमची बॅटरी घेतल्यास तिच्यांतली बहुतेक वीज वापरतां येते आणि वजन निम्म्याहून कमी होतें. किंमत मात्र अधिक पडते.

पॅनेलविषयीं आमची एक फजिती सांगण्यासारखी आहे. प्रथम आम्हीं तें मोठ्या शास्त्रोक्त रीतीनें दक्षिणेकडे तोंड करून ठेवलें, आणि बॅटरी कांहीं केल्या भरेना. दक्षिण गोलार्धांत सूर्य दुपारीं उत्तरेकडे असतो, हें मीं कितीएक वर्गांना भूगोलांत शिकविलें होतें. परंतु शरीरास असलेली भारताची संवय विद्येहून बळकट ठरली. नातवानें सांवली दाखवून चूक लक्षांत आणून दिली.

बाराव्या व्होल्टापर्यंतचीं लहान कामें घरीं करतां येतात. प्रत्येक नवी तार बॅटरीला जोडतांना तिच्या धन टोंकाजवळच फ्यूज घालावा, आणि तार पुरेशी जाड घ्यावी. बारीक तारेंतून मोठा प्रवाह नेला कीं ती तापते व पलीकडे पोंचणारा दाब घटतो. परंतु घरच्या विजेचें, म्हणजे २४० व्होल्टचें काम, तसेंच गॅसच्या नळ्या बसविण्याचें व बदलण्याचें काम, तेथील कायद्यानें परवानाधारक कारागिराचेंच आहे. त्यांत हौस नको.

गॅसचें जोडकाम मात्र प्रत्येक सहलीपूर्वीं आपण तपासावें. साबणाचा फेंस करून जोडांवर लावावा. बुडबुडे आले कीं गळती आहे. हा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं सांचतो, म्हणून सिलिंडर उभाच व मोकळ्या हवेंत ठेवावा. तेथें सिलिंडरची तपासणी दर दहा वर्षांनीं व्हावी लागते. त्याच्यावर तारीख कोरलेली असते. आणि कितीहि थंडी असली, तरी तंबू बंद करून आंत शेगडी किंवा कोळसे ऊब घेण्यासाठीं पेटवूं नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. झोपेंत माणूस दगावतें आणि शेजारच्याला कळतहि नाहीं.

सुधारणा आणि तिचें वजन

घरच्या घरीं केलेल्या आमच्या सुधारणा लहानच आहेत. धुळीच्या रस्त्यावर डब्यांपर्यंत धूळ शिरे. झांकणाच्या कडेचें रबर कोठें सैल आहे हें कसें ओळखावें? मीं माझें जुनें हत्यार काढलें, तें म्हणजे खडू. रबरावर खडू फांसून झांकण बंद करून उघडलें. जेथें पलीकडच्या लोखंडावर खडूची रेघ उठली नाहीं, तेथें फट. तेवढ्याच भागांत नवें रबर बसवून काम झालें. सूनबाईंच्या मिसळणाच्या डब्यासाठीं पट्ट्या मारून एक घट्ट खण केला. पहिल्या प्रयोगांत हळद व मोहरी एक झालेलीं होतीं. खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनीं नट सुटतात, म्हणून ठिकठिकाणीं न सुटणारे, आंत प्लॅस्टिकची कडी असलेले नट बसविले. मोटारीच्या चाकांनीं उडालेले दगड लागूं नयेत म्हणून पुढें जाळी लावली.

परंतु प्रत्येक सुधारणेला वजन असतें, ही गोष्ट हौशी माणूस विसरतो. ट्रेलरवर एक पत्रा असतो, त्यावर रिकाम्या गाडीचें वजन व सर्व सामानासह कमाल वजन कोरलेलें असतें. आमचे आंकडे ९८० आणि १४०० किलोग्रॅम. म्हणजे आमच्या हातीं ४२०. त्यांत ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलोग्रॅम, बॅटरी ३०, भरलेला फ्रिज ४०, सिलिंडर १८, मग छत, खुर्च्या, अंथरुणें, भांडीं, मुलांच्या सायकली. आम्हीं सार्वजनिक वजनकांट्यावर गाडी नेली, तेव्हां १४५० भरली. पन्नास किलोग्रॅम अधिक! जळाऊ लांकडें आणि पाण्याचे जास्तीचे कॅन उतरविले, तेव्हां कोठें मर्यादेंत आलों.

वजन किती याइतकेंच तें कोठें, यालाहि महत्त्व आहे. पुढें भार अधिक झाला तर आपल्याकडे गाडीला धुरजड म्हणतात, आणि मागें अधिक झाला तर उलाळ. ट्रेलरचा सुमारें दहावा हिस्सा भार मोटारीच्या गोळ्यावर यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो त्याहून फार कमी झाला, म्हणजे गाडी उलाळ झाली, तर वेगांत ट्रेलर शेंपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावूं लागतो व मोटारीलाहि आपल्याबरोबर नेतो. म्हणून जड वस्तु खालीं व आंसाच्या जवळ ठेवाव्या. मागच्या टोंकाला सायकली टांगण्याचा मोह आम्हांला टाळावा लागला.

वही

या सर्वांत उत्तम सुधारणा कोणती, असें कोणीं विचारलें तर मी एका शंभर पानी वहीकडे बोट दाखवीन. तिच्यांत तारीख, किलोमीटर, केलेलें काम व करणाऱ्याची सही असे चार रकाने आहेत. बेअरिंगें केव्हां उघडलीं, टायर कोणत्या सालचे, सिलिंडर कधीं तपासावयाचा, तंबू ओला घडी केला होता काय, हें सर्व तिच्यांत आहे. अक्षर नातवाचें आहे. मराठी लिहिण्याचा त्याला कंटाळा असे. पण या वहींत “उजवें चाक ठीक” असें लिहितांना त्याला अधिकाऱ्याचा मान वाटतो, हा माझा लाभ निराळा.

सप्टेंबरच्या सुटींत आम्ही पुन्हां त्याच वाटेनें निघालों. तिकडे तो वसंत ऋतु असतो, आणि ग्रॅम्पियन्सचे उतार रानफुलांनीं भरलेले असतात. बॅलरॅटला चहासाठीं थांबलों. मी दार उघडण्यापूर्वींच नातू उतरून गेला होता. त्यानें आधीं डाव्या तुंब्याला व मग उजव्याला तळहात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, दोन्हीं सारखेंच कोमट आहेत.” चिरंजीवहि जाऊन हात लावून आले, मींहि लावला. मग आम्हीं चहा घेतला.